सातव्या वर्षाच्या चोवीस बाटल्या

मॅडमचा फोन दिवसातून निदान चारदा यायचा, आणि चारही वेळा प्रश्न एकच. "मामा, फ्रीझरचं दार नीट लागलंय ना?"

लागलंय हो! सकाळीही लागलं होतं, दुपारीही लागलंय. बरं, बाई कुठे परगावी नाहीत. वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत बसल्यात, जिना उतरला की फ्रीझर समोर. पण उतरून स्वतः पाहिलं तरी समाधान नाही. पाहून वर जायच्या आणि पुन्हा फोन करायच्या. "मी आत्ता पाहिलं तेव्हा लागलेलं होतं, पण मी दार ओढून पाहताना उघडं तर नाही ना राहिलं?" आता या माणसाला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा.

मी त्यांच्या प्रयोगशाळेतला सहायक. संस्थेत मला सगळे मामाच म्हणतात, संचालकसुद्धा, आणि ते माझ्याच वयाचे आहेत. बावीस वर्षं मी मॅडमबरोबर मुळं धुतली. थट्टा नाही, खरंच मुळं. झाडाच्या मुळांत आणि मुळांभोवतीच्या मातीत जे डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, त्यांचा अभ्यास हे मॅडमचं काम. लोक झाडाकडे बघताना मान वर करतात, आमच्या बाई खाली घालतात. माझी बायको त्यांना "तुमच्या मुळंवाल्या बाई" म्हणते. मुलीच्या लग्नात मॅडम आल्या, तर आहेर हातात द्यायच्या आधी मांडवाच्या खांबाजवळची माती चिमटीत घेऊन चोळत होत्या. बायकोने मला कोपर मारलं, "बघा, आल्या."

हे वेड त्यांना वडिलांकडून आलं. मुळं धुताना तास तास बसावं लागतं, हात पाण्यात आणि तोंड मोकळं, त्यामुळे एकमेकांच्या घरचं सगळं आम्हाला पाठ. वडील नळकाम करायचे. तुंबलेली गटारं, फुटलेले पाइप, हे त्यांचं रोजचं. एकदा ते एका पाइपातून मुळांचा गठ्ठा ओढून काढून घरी घेऊन आले. हातभर लांब, आणि बरोब्बर पाइपच्या आकाराचा, गोल. आईने नाक धरलं, थोरल्या भावाने फेकून द्या म्हणून आरडाओरडा केला. वडील म्हणाले, "जोडाला केसाएवढी फट होती. तेवढ्यातून आत शिरलंय. याला कोणी सांगितलं आत पाणी आहे म्हणून?" मॅडम तेव्हा आठ वर्षांच्या. त्यांनी तो गठ्ठा खाटेखाली लपवून ठेवला. उत्तर शोधता शोधता कॉलेज झालं, परदेश झाला, केस पिकले. गठ्ठा अजून त्यांच्या टेबलावर आहे, मी दर सोमवारी त्याची धूळ झटकतो.

काळजी मात्र त्यांची स्वतःची. तिला कोणाचा वारसा नाही. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार. पत्र लिहिलं की तीनदा वाचणार. आकडा मोजला की तीनदा मोजणार. लग्न केलं नाही, त्याचं कारण विचारलं तर हसून म्हणायच्या, "घरात आणखी एक माणूस म्हणजे काळजीला आणखी एक डोकं. झेपलं नसतं हो." हसून म्हणायच्या, पण मला ते काही हसण्यासारखं वाटलं नाही कधी.

एकतिसाव्या वर्षी त्या संस्थेत आल्या आणि मागच्या बाजूची, नुकतीच पडीक टाकलेली शेतजमीन मागून घेतली. तिचे चोवीस पट्टे आखले. एक, तीन, पाच असे विषम पट्टे दर वर्षी नांगरायचे. दोन, चार, सहा असे सम पट्टे कधीच नांगरायचे नाहीत. दोन्हींत गवत एकच. प्रश्न साधा होता. मुळांत एक बुरशी राहते, ती झाडाला पाणी आणि क्षार आणून देते आणि झाड तिला साखर देतं. नांगर फिरला की तिचे धागे तुटतात. मग नांगर थांबवला तर ती परत येते का, आणि यायला किती वर्षं लागतात?

उत्तराला दहा-वीस वर्षं लागणार होती आणि जमिनीवर सगळ्यांचा डोळा. दर दोन वर्षांनी कोणीतरी नकाशा घेऊन यायचं. इथे नवं सभागृह, तिथे गाड्या लावायची जागा. नकाशावाले दिसले की मॅडमचं जेवण बंद. डबा तसाच परत जायचा. ती जमीन गेली असती तर त्यांच्याजवळ दाखवायला काहीही उरलं नसतं, कारण ही बाई दुसरं काही करतच नव्हती.

आता आमच्या कामाची एक रीत सांगतो, ती नीट लक्षात घ्या, कारण घोळ तिथेच झाला.

दर वर्षी गवत फुलोऱ्यावर आलं की आम्ही प्रत्येक पट्ट्यातून माती काढायचो. चिमूटभर माती पट्ट्याचा नंबर टाकून तिथल्या तिथे पिशवीत, पिशवी फ्रीझरमध्ये. ती पुढे कधी लागली तर, म्हणून. उरलेल्या मातीतली मुळं चाळणीवर धुवायची आणि चोवीस बाटल्यांत भरायची. बाटल्या एका स्टँडमध्ये, सहा-सहाच्या चार ओळी, पट्ट्यांच्या क्रमाने. मग मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. खरंच, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या. मी डब्यातून चिठ्ठ्या उचलायचो, प्रत्येक बाटलीवर एक भलताच आकडा चिकटवायचो आणि कुठल्या पट्ट्याला कुठला आकडा दिला ते माझ्या वहीत लिहायचो. वही माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात. मॅडम मुळांना निळा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली शंभर ठिकाणी बघायच्या आणि किती ठिकाणी बुरशीचे धागे दिसतात ते मोजायच्या. मोजून संपेपर्यंत कुठली बाटली कुठल्या पट्ट्याची, हे त्यांना माहीतच नसायचं.

"मला सांगू नका, मामा," त्या म्हणायच्या. "मला हवं ते दिसायला लागेल. माझ्यावर माझा भरवसा नाही."

बाटलीवर पट्ट्याचा नंबरही नको, चुकून डोळे जातील. म्हणजे स्टँडमधली जागा हीच काय ती ओळख. सगळं काम माझ्या वहीवर उभं, आणि वही तपासणारं कोणी नाही. तेव्हा मला याचा अभिमान वाटायचा.

सातव्या वर्षी आमचा जुना लाकडी स्टँड मोडला आणि नवा प्लास्टिकचा आला. चारी बाजूंनी सारखा, गुळगुळीत. त्या दिवशी सकाळपासून मॅडमनी माझं डोकं खाल्लं होतं. चाळणी बदलली का, पाणी तेच का, बाटल्या उकळल्या का. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या तरी तोंड सुरूच. "मामा, क्रम तीनदा पाहिलात ना?"

मी भडकलो. मला बायको-मुलं आहेत, तीसुद्धा इतकं विचारत नाहीत. स्टँड टेबलावर ठेवलेला होता. मी नेहमी खिडकीकडून बसतो. त्या दिवशी मुद्दाम टेबलाला वळसा घालून पलीकडे जाऊन बसलो, मॅडमकडे पाठ करून. "पाहिलं हो, पाहिलं!" म्हणालो, आणि डाव्या हाताच्या पहिल्या बाटलीपासून लिहायला लागलो. एकदाही पाहिलं नव्हतं.

आकडे आले तेव्हा मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. सहा वर्षं न नांगरलेल्या पट्ट्यांत बुरशी चढत चढत शंभरात अठ्ठावन्नवर आली होती, ती एकदम एकवीसवर. आणि नांगरलेल्यांत वीसच्या आसपास असायची, ती एकसष्ट. त्यांनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग माझ्याकडे आल्या आणि खूप हळू आवाजात म्हणाल्या, "मामा, वही बरोबर आहे ना?"

"माझ्यावर विश्वास नसेल तर दुसरा माणूस बघा," मी म्हणालो.

त्या ओशाळल्या. माझी माफी मागितली त्यांनी. माझी!

मग दोन वर्षं त्या या आकड्यांच्या मागे लागल्या. त्या वर्षी पाऊस फार कमी झाला होता. कोरड्या वर्षात जुनी बुरशी माघार घेते आणि ढवळलेल्या मातीत मात्र मुळं खोल जातात, बुरशी त्यांच्या मागे जाते, असा त्यांनी अर्थ लावला. आठव्या वर्षी आकडे परत जागेवर आले तेव्हा त्या म्हणाल्या, "सावरली बघा." त्यावर त्यांचा लेख छापून आला. 'सातव्या वर्षाची घसरण' हे नाव दूरदूरच्या लोकांच्या तोंडी बसलं. त्यांना बोलावणी येऊ लागली. आणि संचालकांनी नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला, म्हणाले, अशा जमिनीवर सभागृह कसं बांधणार? त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना चहा पाजला आणि पहिल्यांदाच दुपारभर फ्रीझरचं विचारलं नाही.

आणि मी? आठव्या वर्षी बाटल्यांसमोर बसलो तेव्हा हात थबकला. हा स्टँड तर दोन्हीकडून सारखाच दिसतो. मग गेल्या वर्षी मी पलीकडून बसलो होतो, तेव्हा पहिली बाटली म्हणजे... एकच्या जागी चोवीस, दोनच्या जागी तेवीस. सगळे सम विषम झाले असणार, सगळे विषम सम.

त्याच संध्याकाळी मुलीची नखं रंगवायची बाटली आणून स्टँडच्या कोपऱ्यावर लाल ठिपका दिला. मॅडमनी विचारलं, हे काय? म्हटलं, ओळखायला. त्या म्हणाल्या, "किती काळजी घेता हो तुम्ही."

मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. तेव्हा लेख अजून छापायचा होता. तेव्हाच बोललो असतो तर! पण मी मनाला समजावलं की कदाचित बसताना मी स्टँड फिरवूनही घेतला असेल. आठवत तर नाही ना? मग लेख आला, जमीन वाचली, आणि बोलायची वेळ निघून गेली. पंधरा वर्षं हे असं. कोणी 'सातवं वर्ष' म्हणालं की माझी छाती धडधडायची. बायको म्हणायची, रक्तदाब तपासा. तिलाही सांगितलं नाही.

त्या फ्रीझरची तर मला मॅडमपेक्षा जास्त धास्ती बसली. सातव्या वर्षाची माती त्यात होती, खऱ्या नंबरांनी. एका दुपारी फ्रीझरचा भोंगा वाजला, त्या खोलीतली वीज गेली होती. मी जिन्यापर्यंत पळालो आणि तिथून पुढे चार पावलं हळू चाललो. वितळू दे, असं मनात आलं. आलं, खोटं कशाला बोलू? मग स्वतःचीच शिसारी आली आणि धावत जाऊन दुसऱ्या खोलीतून वायर ओढली. मॅडमनी सगळ्यांसमोर माझे आभार मानले. मी संडासात जाऊन उलटी केली.

यंदा माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले, तेव्हा दुसऱ्या शहरातल्या एका तरुण संशोधिकेचं पत्र आलं. आता मातीतूनच थेट कळतं, कुठली बुरशी किती आहे ते. तिला सातव्या वर्षाची माती हवी होती. लिहिलं होतं, "तुमच्या या लेखामुळेच मी या विषयात आले." मॅडम पत्र घेऊन खाली आल्या, लहान मुलीसारख्या खुशीत. "गुरुवारी पाठवायची पिशव्या. बर्फात बांधायच्या. मामा, तुम्हीच बांधा, दुसऱ्या कोणाला जमणार नाही."

मंगळवार होता. मी दोन दिवस जेवलो नाही. वाटलं, दोन महिन्यांत मी घरी जातोय, नंतर जे व्हायचं ते होवो. मग डोळ्यांसमोर आलं, की ती पोरगी निकाल पाठवणार, मॅडम तो तीनदा वाचणार, आणि चूक शोधत एकट्याच बसणार. स्वतःच्या मोजण्यात शोधणार, स्वतःच्या डोळ्यांत शोधणार. माझ्या वहीपर्यंत यायला त्यांना किती दिवस लागतील? आणि पुन्हा तेच विचारतील, हळू आवाजात. ते मला सोसलं नसतं.

गुरुवारी सकाळी वही घेऊन वर गेलो. खुर्चीवर बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

मॅडम उठल्या, खाली आल्या, स्टँड टेबलावर ठेवला. "कुठे बसला होतात?" मी पलीकडे जाऊन बसलो. "आणि पहिली बाटली?" मी बोट ठेवलं. त्यांनी वही ओढून घेतली, पेन्सिल काढली आणि चोवीसच्या चोवीस ओळी उलट्या लावल्या. सरासरी काढली. पुन्हा काढली. तिसऱ्यांदा काढली.

"एकसष्ट," त्या म्हणाल्या. "अठ्ठावन्नावरून एकसष्ट. म्हणजे घसरण झालीच नव्हती. मामा, पाऊस नव्हता तरी ती चढतच होती!" आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, सुटलो.

मग त्यांनी वही मिटली.

"मी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "विचारलं होतं मी, मामा. तीनदा पाहिलंत ना, म्हणून. नंतरही विचारलं." आवाज चढत गेला, बावीस वर्षांत ऐकला नव्हता असा. "तुम्ही सगळे हसायचात माझ्या काळजीला. मीसुद्धा तुमच्याबरोबर हसायचे. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. पंधरा वर्षं! पंधरा वर्षं तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला रोज सांगत राहिलात, काळजी करू नका म्हणून!"

मी रडलो. त्या नाही रडल्या. "पिशव्या बांधा," म्हणाल्या आणि वर गेल्या.

त्याच दिवशी त्यांनी छापणाऱ्यांना पत्र लिहिलं. मला वाचायला दिलं. 'नोंदीत चूक झाली, आणि तपासण्याची जबाबदारी माझी होती,' एवढंच लिहिलं होतं. मी म्हटलं, माझं नाव घाला. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वही तुमची, पण रीत माझी. सगळा भार एका माणसाच्या वहीवर टाकला, ते मी." मी हट्ट धरला. त्यांनी ऐकलं नाही.

तीन आठवड्यांनी त्या मुलीचा निकाल आला. फ्रीझरने वहीच्या उलट साक्ष दिली, जशी द्यायला हवी होती तशी. लेख मागे घेतला गेला. ज्या लोकांनी बोलावणी धाडली होती, त्यांनीच कुजबुज केली. संचालकांनी कपाटावरचा नकाशा खाली काढला, धूळ झटकली. वाईट माणूस नाही तो, पण म्हणाला, "बाई, आता मी वरच्यांना काय कारण सांगू?" मॅडमनी खरे आकडे पुढे केले. बावीस वर्षांची सरळ चढती रेघ, कोरड्या वर्षातही न मोडलेली. संचालकांनी ती पाहिली आणि म्हणाले, "छान आहे. पण आता कोण मानणार?" हा फुलोरा शेवटचा, मग यंत्रं येणार, असं ठरलं.

त्या तीन आठवड्यांत मला फ्रीझरचा एकही फोन आला नाही. आयुष्यभर ज्याचा वैताग केला, तो फोन वाजावा म्हणून मी टेबलाशी बसून राहायचो.

गेल्या सोमवारी शेवटची माती काढली. माझ्या जागी जी नवी सहायक यायची आहे, तीही मदतीला होती, चांगली चुणचुणीत. मुळं धुऊन झाली, बाटल्या भरल्या. यंदा मॅडमनी एक नवी सोय केली होती. प्रत्येक झाकणाच्या आत पट्ट्याच्या नंबराची चिठ्ठी, घडी घालून, मोजणी झाल्यावर उघडायची. मी पुटपुटलो, हे बावीस वर्षांपूर्वी सुचलं असतं तर? त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी हात पुसले आणि बाजूला झालो. आता वही त्या नव्या मुलीकडेच जाणार, हे उघड होतं. कपाटाची किल्ली काढून मी टेबलावर ठेवली.

मॅडमनी किल्ली उचलली, माझ्या हातावर ठेवली, आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"आकडे टाका, मामा," त्या म्हणाल्या. "आणि मला सांगू नका."

मी खिडकीकडून बसलो. लाल ठिपका पाहिला, डाव्या कोपऱ्यात होता. बाटल्या मोजल्या. पुन्हा ठिपका पाहिला, पुन्हा मोजल्या. चिठ्ठ्यांचा डबा हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला.

"झालं का?" भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं.

"थांबा जरा," मी म्हणालो. "दोनदाच पाहिलंय."